ओवीपुरता दम

“लगेच बंद करू नको रं दौलत, दम घेऊ दे तिला. माझी ओवी हू दे!”

चुलीपुढून यायचा तो आवाज. घाट उतरून आमची जीप अंगणात थांबायची, बॉनेटवर ऊन थरथरायचं, दादाचा, म्हणजे दौलतचा, हात किल्लीवर जायचा, आणि आई आतून हाळी द्यायची. गाडी टर्बोची होती. माझे वडील, गणपा मिस्त्री, आमचे आप्पा, गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे, “टर्बो म्हंजे भवरा. इंजिनाच्या धुरावर फिरतो आन् तेलावर जगतो. तापल्या तापल्या इंजिन बंद केलं की तेल थांबतं, भवरा मातुर फिरतच ऱ्हातो. कोरडा फिरला की जळला. म्हणून आधी जरा दम घेऊ द्यायचा.” जरा म्हणजे किती, असं गिऱ्हाईक विचारायचं. आप्पा घराकडं बोट दाखवायचे. “एक ओवी.”

आईची ओवी ठरलेली होती.

घाटाच्या वळणाला । गाडी बंधूची दमली
करवंदीच्या जाळीला । ऊन-सावली नमली
दम घे रे बैला राजा । पुढं माहेराचं गाव
उंबऱ्यात उभी माय । घेते लेकराचं नाव

‘नाव’ म्हणताना तिचा आवाज पायरी उतरल्यासारखा खाली यायचा. मग दादा किल्ली फिरवायचा. अंगण गप्प व्हायचं, आणि निवणाऱ्या इंजिनाची बारीक टिकटिक तेवढी ऐकू येत राहायची.

आम्ही मूळचे घाटावरचे, शाहूवाडीकडचे. चढणीला गाड्या तापतात, बसतात, म्हणून आप्पांनी खाली येऊन आंबा घाटाच्या पायथ्याला रस्त्याकडेला पत्र्याची शेड घातली. आईचं माहेर घाटाच्या माथ्यापलीकडं. दादा ती जीप वडापला चालवायचा, माणसं वर न्यायचा, खाली आणायचा. घाट हेच आमचं घर आणि पोट.

दादा नवं इंजिन घेऊन आला त्या दिवशी अंगणात ओवी नव्हती. आई जाऊन दोन पावसाळे झाले होते, आणि तेवढेच दिवस जीप शेडच्या मागं ताडपत्रीखाली उभी होती. तिच्या चाकांवर कारल्याचा रानवेल चढला होता. आप्पा कुणाला तिच्याजवळ फिरकू देत नसत.

टेम्पो मागं घेत ड्रायव्हर ओरडला, “मिस्त्री, लेकानं गाडीचं काळीज आणलंया! उतरून घ्या.”

नवं म्हणजे कोरं नव्हतं. कोल्हापुरात जुन्या मालाच्या दुकानातून आणलेलं, दुसऱ्या कुठल्या गाडीचं, पण टर्बोसकट आणि चालू. दादा टेम्पोतून उतरला. वाळला होता. मी धावत पुढं गेले आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली. दोन कपड्यांची पिशवी होती.

आप्पा स्टुलावर बसून तंबाखू मळत होते. उठले नाहीत.

“माले,” मला म्हणाले, “पाव्हण्याला इच्यार, काय काम काढलं?”

पाहुणा म्हणजे दादा, दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

“आप्पांना सांग,” दादा माझ्याकडंच बघत म्हणाला, “इंजिन बदलतो आन् गाडी घेऊन जातो. चाकणला वडाप सुरू करणार हाय. गाडी सुरू झाली की निघालो. परत यायचा न्हाई.”

आप्पांनी चुन्याच्या डबीत बोट घातलं. “न्ये म्हणावं. परसातली अडगळ तरी जाईल.” मग तंबाखू दाढेत धरून पुढं म्हणाले, “पर इंजिन माझ्या शेडमधीच बदलायचं. माझ्या चेनकप्पीवर. रस्त्यावरच्या कुणाच्या हातनं न्हाई.”

त्या दोघांत काय झालं होतं ते सांगायला हवं. आईच्या छातीत कळ आली ती भर दुपारी. दादानं तिला मागच्या सीटवर निजवलं आणि कोल्हापूरच्या वाटेला लागला. आप्पा बाजाराला गेले होते, त्यांना गाठायला म्हणून मी मागं राहिले. अर्ध्या घाटात टर्बो जळला, त्याचे तुकडे इंजिनात गेले आणि गाडी जागीच बसली. दुसरी गाडी मिळेस्तोवर आई संपली होती.

सरणापाशी, सगळ्या भावकीसमोर, आप्पा दादाला म्हणाले, “रोज तापलेली गाडी फाटकन बंद करत असशील माथ्यावर. तितं कोण व्हतं ओवी म्हणायला? गाडीचा दम घेतलास आन् तिचाबी घेतलास.”

तेरावं झालं आणि दादा चाकणला निघून गेला. मी फोन केला की एकच विचारायची, “आई शेवटाला काय बोलली रे?”

“काय न्हाई,” तो म्हणायचा. “गप व्हती.”

आता तो आला होता, आणि इंजिन सुरू झालं की माझा भाऊ कायमचा जाणार होता.

पहिल्या दिवशी आम्ही जुनं इंजिन काढायला घेतलं. वेल तोडला, जीप ढकलत शेडमध्ये आणली. बॉनेट उतरलं, रेडिएटर उतरला. दादा एकेक वायर सोडवून तिला चिंधी बांधायचा, पुन्हा जोडताना चुकू नये म्हणून. मी पाने देत होते. लहानपणापासून तेच करत आले होते, कुठला पाना कुठल्या बोल्टाला ते मला हाताच्या बोटांसारखं ठाऊक होतं.

“माले, पाव्हण्याला सांग, गिअरबॉक्सखाली ठोकळा दे आधी. न्हाईतर नाक टाकंल ती.”

“आप्पांना सांग, ठोकळा दिलाय.”

“कसला ठोकळा? फणसाचा दिसतोय. सागाचा घे म्हणावं. चाकणला फणसाचं चालत असंल.”

“चाकणला,” दादा गाडीखालून म्हणाला, “मिस्त्री बोलत न्हाईत, काम करत्यात.”

मला हसू आलं. आप्पांच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण त्यांनी मान वळवून थुंकून घेतलं.

इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचा एक बोल्ट माझ्या हाताशी आला तेव्हा माझ्या मनात आलं, हा नाहीच सापडला तर? तसला बोल्ट कोल्हापूरशिवाय मिळत नाही. निदान एक दिवस. मी तो ओच्यात टाकला आणि पान्यांकडं वळले.

आप्पा स्टुलावरून हलले नव्हते. “माले,” ते हळू म्हणाले, “वच्यातला बोल्ट डब्यात टाक. तेलाचा डाग पडंल लुगड्याला.”

मी मुकाट्यानं टाकला. त्यांनी दादाला काही सांगितलं नाही.

आप्पांच्या दोन सवयी साऱ्या घाटाला माहीत होत्या. एक म्हणजे चुना. बोल्ट पुरता आवळला की डबीतल्या चुन्याचं बोट त्याच्या डोक्यावर टेकायचे, अर्धा टिपका बोल्टावर, अर्धा खालच्या लोखंडावर. कुणी बोल्ट फिरवला की टिपका दुभंगायचा. टिपका अखंड म्हणजे गणपा मिस्त्रीनं आवळलेला, त्यानंतर कुणाचा हात लागलेला नाही. दुसरी सवय म्हणजे लाल पेस्ट. दोन भाग जोडताना तेल झिरपू नये म्हणून जी पेस्ट लावतात ती दुसरे मिस्त्री लावायचे त्याहून आप्पा एक बोट जास्त लावायचे. “माझ्या हातनं गेलेल्या गाडीखाली तेलाचा ठिपका पडला तर त्यो माझ्या तोंडावर पडला,” असं म्हणायचे. जुन्या इंजिनांना ते चालूनही जायचं. लोक त्या बोटावर विसंबून पोरंबाळं घेऊन घाट चढायचे.

आई जायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या जीपखालीही असाच एक ठिपका पडला होता. टर्बोला तेल नेणारा पाइप, करंगळीपेक्षा बारीक, त्याच्या जोडातून. आप्पांनी रागारागानं तो उघडून पुन्हा बसवला होता.

दुपारी चेनकप्पीचा आकडा इंजिनाला लावायचा होता. वरचं सगळं मोकळं करता करता दादाचा हात त्या पाइपाच्या बोल्टापाशी गेला आणि थांबला. मी पाना पुढं केला. त्यानं घेतला नाही. अंगठ्यानं तो बोल्टावरची धूळ पुसत होता. धुळीखाली चुन्याचा टिपका होता, पांढरा, अखंड.

“माले,” त्यानं विचारलं, अगदी हळू, “मी गेल्यावर हिला कुणी हात लावला व्हता?”

“कोण लावंल? आप्पा जवळ येऊ देत न्हाईत कुणाला.”

“कुणालाच?”

“मांजराला सुदिक न्हाई.”

त्यानं मान वर करून स्टुलाकडं बघितलं. आप्पा त्याच्याकडंच बघत होते. तंबाखू मळायचा त्यांचा अंगठा तळहातावर थांबला होता. रस्त्यावरून एक ट्रक कण्हत वर गेला, त्याचा आवाज वळणावर विरला, तरी ते तसेच.

“हा पाइप ऱ्हाऊ दे जुन्या इंजिनालाच,” शेवटी दादा म्हणाला. “नवा आणलाय मी.”

“ऱ्हाऊ दे,” आप्पा म्हणाले. “भंगारात जाऊ दे तसाच.”

दोघांचं एकमत झालेलं मी फार दिवसांनी ऐकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण थंडीत कुणी पाठीवर ओला हात ठेवावा तसं झालं.

जुनं इंजिन साखळीवर उचललं गेलं तेव्हा दिवस कलला होता. काळं, तेलकट, गाडीच्या पोटातून निघून ते हवेत हळूहळू फिरत राहिलं. रिकाम्या जागेतून खालची जमीन दिसत होती. दादानं त्याला हात लावून फिरायचं थांबवलं. बाळंतिणीच्या खाटेपाशी बोलावं इतक्या हळू आवाजात आप्पा म्हणाले, “सावकाश. सावकाश उतरव.” या वेळी त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

रात्री तिघं जेवलो. माझ्या भाकरी आईसारख्या फुगत नाहीत. दादा म्हणाला, “चांगल्या झाल्यात.” आप्पा म्हणाले, “मीठ कमी हाय.” भाकरीत मीठ घालतच नव्हते आम्ही कधी.

दुसऱ्या दिवशी नवं इंजिन बसवलं. तो दिवस भराभर गेला. माउंटिंग बसली, गिअरबॉक्स जुळला, चिंध्या सोडून वायरी जोडल्या. आप्पा आता स्टूल सोडून गाडीपाशीच उभे होते. दादा बोल्ट आवळायचा, आणि ते चुन्याचं बोट टेकवायचे. एक हात मागोमाग दुसरा. बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय जोडी आहे बापलेकाची.

टर्बोला तेलाचा नवा पाइप लावायची वेळ आली. दादानं आधी कुपीनं टर्बोच्या तोंडात थोडं तेल सोडलं आणि भोवरा बोटानं फिरवून बघितला. मग तांब्याच्या चकत्या घालून पाइप धरला. आप्पांचा हात सवयीनं पेस्टच्या ट्यूबकडं गेला. त्यांनी ती दाबली, बोटावर लाल पेस्ट घेतली आणि हात पुढं केला.

“आप्पा,” दादा म्हणाला. दोन दिवसांत त्यानं त्यांना मारलेली ती पहिली हाक. “इथं नको.”

बोट हवेत राहिलं.

“इथं चकती पुरती. पेस्ट नको.”

मला वाटलं, आता भडका उडणार. गणपा मिस्त्रीला पेस्ट नको म्हणणारा माणूस त्या रस्त्याला जन्माला आला नव्हता. पण आप्पांनी हात मागं घेतला. फडक्याला बोट पुसलं. मग धोतराला पुसलं. मग शेडच्या खांबाला पुसलं. लाल रंग गेला तरी पुसतच राहिले. मी चहाला म्हणून आत गेले. मला तिथं उभं राहवेना.

उन्हं खाली आली तेव्हा सगळं बसलं होतं. दादानं इंजेक्टरला डिझेल जाऊ न देता इंजिन नुसतं फिरवून तेल वर चढवलं, मग डिझेल जोडलं आणि किल्ली दिली. जीप खोकली, धूर सोडला, पुन्हा खोकली, आणि सुरू झाली. तो आवाज मी दोन पावसाळे ऐकला नव्हता. कान गच्च धरावेसे वाटले.

“चढणीला एक चक्कर मारून बघतो,” दादा मला म्हणाला. आणि कपड्यांची पिशवी उचलून त्यानं पुढच्या सीटवर ठेवली.

जीप रस्त्याला लागली, पहिलं वळण घेतलं, दिसेनाशी झाली. आवाज वर वर जात राहिला. मी आणि आप्पा अंगणात उभे. चढणीचा आवाज, दुसऱ्या गिअरचा, टर्बोची ती बारीक शीळ. मग शीळही ऐकू येईना.

“पिशवी घेऊन गेला,” आप्पा म्हणाले.

“व्हय.”

“जेवण बांधून द्यायचंस.”

करवंदीच्या जाळीवर एक होला घुमत होता. तो गप्प झाला आणि आप्पा अंगणातच, धुळीत, दोन पायांवर बसले. मला वाटलं तोल गेला म्हणून मी धरायला गेले, तर त्यांनी हातानं नको केलं. ते कान देऊन ऐकत होते. मिस्त्रीचा कान. माझ्याआधी कितीतरी वेळ त्यांना कळलं की गाडी उतरतेय.

जीप अंगणात आली. बॉनेटवर ऊन थरथरत होतं. दादा उतरला नाही. इंजिन चालूच होतं. त्यानं किल्लीवर हात ठेवला.

“लगेच बंद करू नको,” आप्पा म्हणाले.

दादाचा हात थांबला. चुलीकडून हाळी आली नाही. ती येणार नव्हती हे तिघांना ठाऊक होतं, तरी तिघांनी घराकडं बघितलं. मला ओवी येत होती, तिची प्रत्येक ओवी येत होती, पण धरवेना.

मग मी जन्मात ऐकलं नव्हतं ते ऐकलं. आप्पांनी ओवी धरली. पान्यानं पत्रा घासावा तसा आवाज, चाल कुठं, शब्द कुठं.

“घाटाच्या वळणाला… गाडी बंधूची दमली… करवंदीच्या जाळीला…”

तिथं ते अडकले. धुळीत बसल्या बसल्याच म्हणाले, “दौलत, त्यो पाइप मी बसवला व्हता. माझ्या बोटाची पेस्ट त्याच्या तोंडात जाऊन बसलेली. तेल वर गेलंच न्हाई. तू चाकणला गेल्यावर उघडून बघितला.” त्यांनी दम घेतला. “परत बसवला. कुणाला कळू नये म्हणून बसवला, आन् चुना लावून मोकळा झालो. हात सवयीनं गेला. तुला बोललो ते भावकीसमोर. आन् हे मातुर… हे मातुर ताडपत्रीखाली झाकून ठेवलं.”

दादा स्टिअरिंगकडं बघत होता.

“काल चुना दिसला मला,” तो म्हणाला. “राख सावडली त्या दिवशी गाडीला टोचन लावून ओढून आणायला मीच गेलो व्हतो, आप्पा. तवाच उघडला व्हता मी पाइप. लाल बघितलं आन् आवळून टाकला. मी न्हवता चुना लावला.”

“तवापासनं ठावं हाय तुला?”

“व्हय.”

“मग बोलला का न्हाईस? मी एवढं बोललो तुला, सगळ्यांम्होरं.”

“लोक तुमच्या बोटावर पोरं घिऊन घाट चढत्यात,” दादा म्हणाला. “आई गेली व्हती. बोट बी गेलं असतं तर तुमचं ऱ्हायलं काय असतं?”

आप्पांनी आपला हात उलटासुलटा करून बघितला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. इंजिन चालूच होतं. ओवी पुरी झाली नव्हती आणि कुणी किल्ली फिरवली नव्हती. मग सरणापाशी जे त्यांनी विचारायला हवं होतं ते आप्पांनी त्या दिवशी विचारलं.

“ती काय बोलली रं शेवटाला?”

मला वाटलं, दादा नेहमीचंच म्हणेल. काय न्हाई, गप व्हती.

त्यानं किल्लीवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

“गाडी बसली तवा तिनं डोळं उघडलं. म्हणाली, का रं थांबली? मी काय सांगू तिला? मी म्हटलं, दम घेतीया, आई.” त्याचा आवाज इंजिनाखाली जाऊ लागला तशी मी जीपच्या दारापाशी सरकले. “तर हसली. म्हणाली, मग माझी ओवी हू दे. निजल्या निजल्या धरली तिनं. मी तिचा हात धरून बसलो, इंजिन बंद व्हतं तरी. वळण झालं, जाळी झाली. ‘दम घे रे बैला राजा’ म्हणाली. ‘पुढं माहेराचं’ म्हणाली.”

“मग?” आप्पा म्हणाले.

“गाव म्हणायचं ऱ्हायलं, आप्पा.”